हॉलचा समन्वयक, केटररचा मॅनेजर आणि तुमचा माणूस: लग्नात कोणाचे काम कुठे संपते

प्रश्न असा आहे: लग्नाची जागा ठरली आहे आणि त्या जागेतर्फे एक समन्वयक मिळणार आहे, केटररने ‘आमचा मॅनेजर शेवटपर्यंत थांबेल’ असे सांगितले आहे, सजावटीचे काम घेणाऱ्यांचाही स्वतंत्र माणूस असणार आहे. असे असताना पैसे मोजून आणखी एक वेडिंग कोऑर्डिनेटर नेमण्याची खरोखर गरज आहे का, आणि या सगळ्यांच्या कामात नेमका फरक काय?

गरज आहे की नाही, हे जागेच्या स्वरूपावर आणि तुम्ही बाहेरून किती जणांना काम देणार आहात त्यावर ठरते. त्याकडे पुढे येतो. फरक मात्र मोठा आहे, आणि तो व्हिजिटिंग कार्डावरील पदनामावरून कळत नाही. समन्वयक, प्लॅनर, इव्हेंट मॅनेजर, को-ऑर्डिनेटर ही पदनामे या व्यवसायात इतकी सैलपणे वापरली जातात की एकाच्या ‘प्लॅनर’चे काम दुसऱ्याच्या ‘को-ऑर्डिनेटर’पेक्षा कमी असू शकते. म्हणून पदनाम बाजूला ठेवून आधी एवढेच पाहावे की या व्यक्तीचे मानधन कोण देते. जो मानधन देतो त्याचे काम ती व्यक्ती सांभाळणार, आणि त्यात गैर काहीच नाही. गैरसमज होतो तो ‘सगळे आम्ही बघून घेऊ’ या वाक्यातील ‘सगळे’ हा शब्द यजमान एका अर्थाने ऐकतात आणि बोलणारा दुसऱ्या अर्थाने वापरतो, म्हणून.

जागेच्या समन्वयकापासून सुरुवात करू, कारण बहुतेक गोंधळ याच भूमिकेभोवती होतो. हा माणूस जागेच्या मालकाचा किंवा हॉटेलचा नोकर असतो. इमारत, वीजपुरवठा, वातानुकूलन, स्वच्छतागृहे, पार्किंग, जागेच्या मालकीच्या खुर्च्या-टेबले, सामान आत आणण्याची आणि बाहेर नेण्याची वेळ, आवाजाची मर्यादा, समारंभ बंद करण्याची वेळ आणि जागेचे नियम पाळले जात आहेत की नाही, ही त्याची जबाबदारी. चांगला समन्वयक असेल तर तो अमूल्य ठरतो, कारण कोणत्या भिंतीवरच्या सॉकेटवर किती भार चालतो, मालवाहू लिफ्ट कोणत्या दाराशी उघडते आणि दुपारचे ऊन कोणत्या खिडकीतून थेट मंचावर येते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परंतु तुमच्या फोटोग्राफरला उशीर झाला तर त्याला फोन करणे, तुमच्या संगीतवाल्यांना पुढचा कार्यक्रम कोणता हे सांगणे, किंवा घरच्यांना सामूहिक छायाचित्रासाठी एकत्र आणणे हे त्याचे काम नाही. तो ते सौजन्य म्हणून करीलही. पण त्याच वेळी शेजारच्या दालनात दुसरा समारंभ असेल तर त्याचे पहिले कर्तव्य दोन्ही दालने सुरळीत चालवणे हेच राहील.

येथे आणखी एक बाब सहसा कोणी आपणहून सांगत नाही. जागा दाखवताना, दर ठरवताना आणि करारावर सही घेताना ज्यांच्याशी तुमचे बोलणे होते, ती व्यक्ती बहुतेक ठिकाणी विक्री विभागातली असते. आगाऊ रक्कम भरली की काही काळाने फाइल प्रत्यक्ष कार्यवाही पाहणाऱ्याकडे जाते, आणि समारंभाच्या दिवशी उभा असणारा माणूस तिसराच असू शकतो, कारण मोठ्या ठिकाणी कर्मचारी पाळ्यांमध्ये काम करतात आणि नोकऱ्याही बदलतात. त्यामुळे विक्री करणाऱ्याने तोंडी दिलेली सवलत, ‘दोन तास आधी आत यायला हरकत नाही’, ‘मंच थोडा पुढे घेऊ’, ‘ती खोली तुम्हाला वापरता येईल’, ही लेखी उतरली नसेल तर पुढच्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही. हॉटेल आणि बँक्वेटच्या व्यवसायात प्रत्येक समारंभासाठी एक कार्यपत्रक तयार होते. त्याला कोणी फंक्शन शीट म्हणतात, कोणी बँक्वेट इव्हेंट ऑर्डर. पाहुण्यांची संख्या, मांडणी, वेळा, पदार्थ, ध्वनियंत्रणा, दर, सारे त्यात असते आणि स्वयंपाकघरापासून सफाई विभागापर्यंत सर्व जण त्याच कागदावरून काम करतात. त्या कागदाची प्रत मागून घ्यावी, ओळ न् ओळ वाचावी आणि दुरुस्त्या ईमेलने कळवाव्यात. जे त्या कागदावर नाही ते त्या दिवशी होणार नाही, असे धरून चालणे सुरक्षित.

केटररच्या मॅनेजरची भूमिका त्यामानाने स्पष्ट आहे. अन्न वेळेवर आणि योग्य तापमानात बाहेर येणे, वाढपी आणि भांडी पुरेशी असणे, टेबलांची मांडणी, पाहुण्यांच्या पथ्यांची नोंद आणि जेवणानंतरची आवराआवर, एवढ्यापुरता तो जबाबदार असतो. जागेचेच केटरिंग असेल तर ही भूमिका आणि जागेच्या समन्वयकाची भूमिका अनेकदा एकाच माणसाकडे असते. मॅनेजरला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या असतात: एक, पाहुण्यांची अंतिम संख्या, जी साधारणपणे समारंभाच्या आधी एक-दोन आठवडे कळवावी लागते आणि त्यानंतर कमी करता येत नाही, आणि दोन, जेवण सुरू करण्याचा क्षण. विधी लांबले तर तो स्वयंपाकघर किती वेळ थोपवून धरू शकतो याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा जवळ आली की तो कोणाला तरी विचारायला येणारच. तो कोणाकडे येणार, हे आधी ठरलेले नसेल तर तो वधूच्या वडिलांकडे किंवा थेट मंचावर येतो.

सजावटकारांच्या माणसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मांडणी ठरल्याप्रमाणे उभी राहणे हे त्याचे काम. ती उभी राहिली, तुम्ही पाहून मान्य केली, की त्याची गाडी बहुधा निघून जाते आणि माणसे परत येतात ती सामान काढायला. मधल्या काळात फुलांची कमान कलली, दिवे विझले किंवा कोणी टेबलावरची मांडणी हलवली तर तेथे त्यांच्यापैकी कोणी असेलच असे नाही. भाड्याच्या वस्तू मोजून कोण घेतो आणि मोजून कोण परत करतो, एवढे मात्र त्यांच्याशी नक्की करावे, कारण हरवलेल्या वस्तूंची रक्कम अनामत ठेवीतून कापली जाते.

आता तुमच्याकडून मानधन घेणाऱ्या, म्हणजे तुमच्या बाजूने काम करणाऱ्या व्यक्तींकडे वळू. यांत पूर्ण वेळचा वेडिंग प्लॅनर सर्वांत आधी येतो, बहुधा जागा ठरण्यापूर्वीच. अंदाजपत्रक आखणे, जागा सुचवणे, वेगवेगळ्या व्यावसायिकांकडून दर मागवणे, करार वाचून त्यातील अडचणीच्या अटी दाखवणे, हप्त्यांच्या तारखा सांभाळणे आणि महिनोन्‌महिने चालणारा पत्रव्यवहार आपल्याकडे घेणे हे त्याचे काम आहे. त्याचे मानधन ठरावीक रकमेचे असू शकते, तासांवर असू शकते किंवा एकूण खर्चाच्या टक्केवारीवर. टक्केवारीची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण खर्च वाढला की मानधन वाढते ही त्यातील अडचण उघड आहे, आणि ती पहिल्याच भेटीत बोलून टाकावी. त्याचप्रमाणे, सुचवलेल्या व्यावसायिकांकडून त्याला कमिशन मिळते का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. मिळत असेल आणि तो तसे सांगत असेल तर हरकत नाही. निर्णय तुमच्या हातात राहतो. प्रश्न टाळणारा प्लॅनर मी तरी कोणाला सुचवणार नाही.

ज्यांना सगळे स्वतः ठरवायचे आहे पण त्या दिवशी स्वतः धावपळ करायची नाही, त्यांच्यासाठी ‘डे-ऑफ को-ऑर्डिनेटर’ (day-of, म्हणजे त्या दिवसाचा समन्वयक) ही सेवा असते, आणि प्रश्नातील ‘आणखी एक’ माणूस म्हणजे बहुधा हाच. ‘फक्त त्या दिवसापुरता’ अशी या सेवेची समजूत असली तरी अनुभवी समन्वयक साधारणतः ४ ते ८ आठवडे आधी काम हातात घेतो, कारण केवळ त्या दिवशी सकाळी हजर झालेला माणूस कोणाला काय सांगणार? या आठवड्यांत तो तुमचे सर्व करार वाचतो, प्रत्येक व्यावसायिकाला स्वतः फोन करून पोहोचण्याची वेळ, लागणारी जागा आणि वीज विचारतो, जागेच्या समन्वयकाबरोबर प्रत्यक्ष फेरी मारतो आणि या सगळ्यांतून मिनिटांच्या हिशेबाचे एक वेळापत्रक तयार करतो. रंगीत तालीम असेल तर तीही तोच चालवतो. त्याला करता येणार नाही अशी गोष्ट म्हणजे आधी झालेले करार बदलणे. संगीतवाल्यांच्या करारात ४ तास लिहिलेले असतील आणि तुमचा कार्यक्रम ६ तासांचा असेल, तर तो हे तुमच्या नजरेस आणून देईल, जादा दराची बोलणीही करील. पण वाढीव पैसे द्यावे लागतील ते लागतीलच. म्हणून या प्रकारच्या समन्वयकाचीही निवड उशिरा करू नये, आणि त्याला निदान मोठे करार सही करण्यापूर्वी एकदा दाखवता आले तर उत्तम.

भूमिका समजल्या तरी खरा प्रश्न उरतो तो त्यांच्या मधल्या जागांचा. प्रत्येक जण आपले काम चोख करीत असतानाही समारंभ अडखळतो, कारण दोन कामांच्या सांध्यावर कोणीच उभे नसते. उदाहरणादाखल, विधी आणि जेवण एकाच दालनात असतील तर मधल्या वेळात रांगेतल्या खुर्च्या हलवून त्या टेबलांभोवती लावाव्या लागतात. जागेचे कर्मचारी जागेच्या खुर्च्या हलवतील, पण तुम्ही बाहेरून भाड्याने आणलेल्या खुर्च्यांना ते हात लावतीलच असे नाही. मोडतोडीची जबाबदारी त्यांना नको असते. केटररची माणसे टेबलांवर कापड घालतील, पण टेबल आधी जागेवर हवे. सजावटकाराला मंचाजवळची फुले उचलून टेबलांवर ठेवायची असतात, पण त्याची माणसे तोपर्यंत थांबली आहेत का? आणि हे सगळे होत असताना पाहुणे कोठे उभे राहणार, त्यांना तिकडे कोण नेणार? वेळापत्रकात हा भाग नीट लिहिला तर असा दिसतो: ‘६.०५, विधी संपले, यजमान पाहुण्यांना बाहेरच्या प्रांगणात नेतील, ध्वनियंत्रणेवर घोषणा, ६.१०, दालनाची दारे बंद, ६.१० ते ६.३५, भाड्याच्या खुर्च्या भाडे कंपनीचे ४ जण हलवतील, टेबले जागेचे कर्मचारी, ६.३०, कापड आणि भांडी, केटरर, ६.४०, मंचाची फुले टेबलांवर, सजावटकाराचे २ जण, ६.५०, समन्वयक पाहणी करील, ६.५५, दारे उघडतील.’ या सहा-सात ओळींत पाच वेगवेगळे पक्ष आहेत, आणि त्यांतील कोणाच्याही करारात हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आपोआप लिहिलेले नसते. ‘भाडे कंपनीचे ४ जण’ हे शब्द तेथे यावेत म्हणून कोणाला तरी तीन आठवडे आधी भाडे कंपनीला फोन करावा लागतो, आणि ती माणसे त्या वेळेपर्यंत थांबणार असतील तर त्याचे पैसेही ठरवावे लागतात.

विजेचेही तसेच. संगीतवाले, प्रकाशयोजना करणारे आणि केटररची गरम ठेवण्याची यंत्रे यांपैकी प्रत्येक जण जवळचे सॉकेट शोधतो. सगळे एकाच सर्किटवर आले की भार वाढतो आणि नेमका भाषणाच्या वेळी पुरवठा खंडित होतो. कोणाला किती वीज लागते हे त्या-त्या व्यावसायिकाला ठाऊक असते, कोणत्या सर्किटवर किती चालते हे जागेच्या समन्वयकाला. ही दोन माहिती एका कागदावर आणणारा माणूस मात्र वेगळा लागतो. उघड्यावरचा समारंभ असेल तर पावसाचा निर्णय हा याहून मोठा सांधा. आत हलवायचे की नाही हे यजमानच ठरवणार, पण तंबू उभारायला किंवा आतली मांडणी करायला जितके तास लागतात, त्याच्या आधी तो निर्णय व्हावा लागतो. ती शेवटची वेळ कोणती, ती वेळ झाली की यजमानांपुढे जाऊन ‘आता सांगा’ असे कोण म्हणणार, आणि निर्णय झाल्यावर बाकीच्यांना कोण कळवणार, हे आधी लिहून ठेवलेले असावे. आकाशाकडे पाहत अर्धा तास आणखी थांबू, असे म्हणत राहिलेले यजमान अखेर दोन्हीकडची मांडणी अर्धवट अवस्थेत पाहतात.

या सर्वांना पर्याय म्हणून घरातले एखादे हुशार काका किंवा मावशी पुढे येतात, आणि त्यांचा उत्साह खरा असतो. घरच्या माणसाचा एक उपयोग असा आहे की तो कोणत्याही समन्वयकाला करता येणार नाही: कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला पुढच्या रांगेत बसवायचे, छायाचित्रासाठी कोणाला शोधून आणायचे, हे त्यालाच माहीत असते. म्हणून दोन्ही कुटुंबांकडून एकेक जण समन्वयकाशी बोलण्यासाठी नेमावा, आणि लहानसहान निर्णय तेथल्या तेथे घेण्याचा अधिकार त्यांना द्यावा. मात्र सामानाच्या गाड्या, वीज आणि वेळापत्रक यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. व्यावसायिक माणसे ज्याच्याशी करार झाला आहे त्याचे किंवा ज्याला तसे लेखी अधिकार दिले आहेत त्याचेच ऐकतात. पाच नातेवाइकांनी पाच सूचना दिल्या की ती नम्रपणे मान डोलावतात आणि आपल्या मनाप्रमाणे करतात. शिवाय ज्यांनी समारंभात सामील व्हायचे, त्यांनी तो मागच्या दाराशी उभे राहून काढावा, हे मला तरी पटत नाही.

मग स्वतंत्र समन्वयक केव्हा नेमावा? केटरिंग, सजावट, ध्वनी, निवास असे सारे एकाच छताखाली देणारे हॉटेल असेल, पाहुणे मोजके असतील आणि बाहेरून केवळ फोटोग्राफर येणार असेल, तर जागेच्या समन्वयकावर आणि घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर काम भागते. तेथे आणखी एक मानधन देण्याचा आग्रह मी धरणार नाही. बाहेरून येणारे व्यावसायिक पाच-सहांच्या पुढे गेले, विधी आणि स्वागत वेगवेगळ्या जागी असले, किंवा जागा म्हणजे मोकळे मैदान अथवा शेत असून मंडप, वीज, पाणी, स्वच्छतागृहे सारेच बाहेरून आणायचे असले, तर मात्र स्वतंत्र समन्वयकाशिवाय जाऊ नये. मोकळ्या जागेचा मालक अनेकदा किल्ली देतो आणि रात्री ती परत घेतो. त्याच्या ‘समन्वयका’चे काम तेवढ्यात संपते. यजमान परगावी राहत असतील आणि मधल्या काळात प्रत्यक्ष जागेवर जाणे शक्य नसेल, तरीही हेच लागू पडते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाबतीत जागा, केटरर आणि सजावटकार वेगवेगळे दिसतात. त्यात संगीत, छायाचित्रण आणि वाहतूक धरली तर संख्या सहावर जाते, तेव्हा माझे मत समन्वयक घ्यावा असेच आहे, पूर्ण प्लॅनर नव्हे.

नेमणूक करताना करारात व्यक्तीचे नाव असावे, केवळ कंपनीचे नव्हे. आणि ती व्यक्ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण येईल तेही. किती तास उपस्थित राहणार, सोबत किती साहाय्यक आणणार, शेवटची गाडी निघेपर्यंत थांबणार की जेवण सुरू झाल्यावर निघणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे. त्याच दिवशी त्याच्याकडे दुसरे काम आहे का, हे विचारावे. पाहुणे शंभराच्या पुढे असतील किंवा जागा दोन असतील तर एकट्या माणसाने सर्वत्र असणे अशक्य असते, म्हणून साहाय्यकाचा खर्च वाचवू नये. मग समारंभाच्या साधारण महिनाभर आधी जागेचा समन्वयक, केटररचा मॅनेजर आणि तुमचा समन्वयक यांना एकदा जागेवरच एकत्र भेटवावे. या भेटीत वेळापत्रक मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक ओळीपाशी ‘हे कोण करणार’ असे विचारावे. दोघे एकदम ‘आम्ही’ म्हणाले किंवा कोणीच काही म्हणाले नाही, की तेथे सांधा सापडला असे समजून नाव लिहावे. हीच वेळ जागेच्या समन्वयकाला सांगण्याचीही असते की त्या दिवशीच्या सूचना यापुढे एकाच व्यक्तीकडून येतील. बहुतेकांना हे ऐकून सुटल्यासारखेच वाटते.

रात्रीच्या शेवटाचे नियोजन सर्वांत दुर्लक्षित राहते. भेटवस्तू कोणाच्या गाडीत जाणार, उरलेले अन्न कोण नेणार, भाड्याचे सामान कोण मोजणार, विसरलेल्या वस्तू कोठे जमा होणार आणि जागा रिकामी झाल्याची खूण जागेचा समन्वयक कोणाकडून घेणार, हे वेळापत्रकाच्या शेवटच्या पानावर असावे, कारण ठरलेल्या वेळेपलीकडे थांबल्यास जादा आकार लागतो आणि तो तुमच्याच नावावर पडतो. वाढीव पाहुणे, वाढीव तास आणि मोडतोड यांचे बिल त्याच रात्री पुढे केले जाते. ते तपासण्याचे काम समन्वयकाकडे द्यावे, कारण करारातले आकडे त्याच्या हातात असतात. सही मात्र तपासणी झाल्यावर, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, यजमानांनी स्वतः करावी, आणि तशी मुभा कराराच्या वेळीच मागून घ्यावी.